नटवर सरांशी कोणी भांडेना

चूक माझी होती. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला बरा माणूस दाखवण्याचा मोह होणार नाही. नटवर सरांनी मला एक गोष्ट कोणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी ती काही दिवसांतच गावात सांगितली, आणि सांगताना तिच्यात पदरचं घातलं. त्यामुळे एका भल्या माणसाचं आयुष्यातलं मोठं सुख वर्षभर हिरावलं गेलं. ते सुख होतं भांडणाचं. हे वाचून कोणी हसेल. मीही पूर्वी हसलो असतो.

शहाद्याहून सारंगखेड्याकडे जाताना तापीच्या अलीकडे आमचं गाव लागतं. केळी, कापूस, ऊस, आणि फाट्यावर संजूचं हॉटेल. गावातल्या हायस्कुलात नटवर सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. माझ्यापेक्षा ते दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, सदऱ्याचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. जातीने गुजर. घरी गुजरी बोलत, गावात अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी. वाद रंगात आला की तिन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या, आणि समोरच्याला त्यातली जी कळे तिच्यात तो हरायचा.

कोणीही काहीही म्हटलं की सरांचा उजवा पंजा वर जायचा, गाडी थांबवणाऱ्या माणसासारखा. "थांब. कसावरथून?" कशावरून म्हणतोस, हा त्यांचा पहिला प्रश्न. "आज गरम होतंय" एवढं बोलूनही मी स्टाफरूममध्ये अर्धा तास अडकलेलो आहे. काल जास्त होतं का, होतं तर आज 'गरम' म्हणण्याला आधार काय, आणि अंगाला लागतं ते ऊन की बंद पंखा? शेवटी शिपायाने घंटा दिली म्हणून मी सुटलो. तर सर वर्गापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्यांची ती रीतच होती. भांडण अर्धं राहिलं की समोरच्याला ते त्याच्या दारापर्यंत पोचवायला जायचे. दारात पाणी प्यायचे, घरच्यांची चौकशी करायचे, आणि निघताना पायरीवरून शेवटचा मुद्दा मांडून जायचे.

राग त्यांच्या मनात राहत नसे. निदान मी कधी राहिलेला पाहिला नाही. ज्याच्याशी सकाळी कडाक्याचं वाजलं असेल, त्याच्याच मुलाला संध्याकाळी ओट्यावर बसवून बीजगणित शिकवायचे.

वर्गातली त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. महिन्यातून एकदा ते फळ्यावर एखादं गणित ठार चुकीचं सोडवायचे. अक्षर सुंदर, आवाज ठाम. मुलं मुकाट्याने उतरवून घ्यायची. सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं की सर खडू ठेवायचे आणि खुर्ची फिरवून मुलांकडे पाठ करून बसायचे. तास संपेपर्यंत एक शब्द नाही. एकदा सुनंदा नावाच्या मुलीने मध्येच उठून सांगितलं, "सर, तिसरी ओळ चुकली." सर म्हणाले, "कशावरून?" तिने सांगितलं. त्यांनी दुसरी शंका काढली, तिने तीही खोडली. त्याच संध्याकाळी सर तिच्या घरी गेले. मास्तर दारात आलेले पाहून बाप घाबरला. सर म्हणाले, "पोरले पुढे शिकाड. भांडखोर शे."

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला ते दर वर्षी जायचे. घोडा घ्यायचा नसायचा. घोडेवाल्यांशी बोलायचं असायचं. एकदा मी बरोबर होतो. लांबून आलेला एक मिशीवाला व्यापारी आपल्या घोडीच्या अंगावरचे भोवरे दाखवत होता. अमुक जागचा भोवरा धन्याला राजा करतो, तमुक जागचा धन्याला खातो. सरांचा पंजा वर गेला. भोवरा घोडीच्या अंगावर आणि नशीब धन्याचं, या दोहोंचा संबंध कसा? घोडी विकली की भोवऱ्याचा परिणाम जुन्या धन्यावर चालू राहतो की नव्यावर सुरू होतो? वाटेत, म्हणजे व्यवहार ठरला पण घोडी अजून सोडली नाही, तेव्हा कोणावर? व्यापारी आधी हसला, मग चिडला, मग त्याने माणसांना खाट आणायला लावली आणि दोघं दुपारभर बसले. गिऱ्हाइकं येऊन गेली, त्याचं लक्ष नव्हतं. पुढच्या वर्षी मी एकटाच यात्रेत हिंडत होतो, तर तोच व्यापारी मला ओळखून धावत आला. "मास्टरजी किधर हैं? मैं साल भर जवाब सोच के आया हूँ."

घरी प्रमिला वहिनी होत्या. सरांची खरी जोड त्याच. नवराबायको एरवी गुजरीत बोलायची, पण मी गेलो की अहिराणीत भांडायची, म्हणजे मला निकाल देता यावा.

"भाजी खारी शे," सर म्हणायचे.

"भाजी नही, तुम्हनी जीभ खारी व्हई गई. बिड्या फुकीफुकी."

"बिडी कडू ऱ्हास. खारी कशी व्हई?"

"मंग कडू बोला ना! खारी कसाले म्हनतस?"

इथे सर अडकायचे. वहिनींपुढे अडकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मी त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभातही पाहिला नाही. समारंभात सगळे त्यांची स्तुतीच करत होते.

निवृत्तीनंतर त्यांची शाळा संजूच्या हॉटेलात भरू लागली. समोर ईश्वर बापू. बापूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, केळीचा मळा मोठा, आवाज त्याहून मोठा. सकाळी दोघांचं सुरू झालं की केळीच्या ट्रकवरचे हमालसुद्धा घटकाभर टेकायचे. मी शाळेत जाण्याआधी तिथे चहा घ्यायचो. हरायला, असंच म्हणा ना.

अशात धानोऱ्याला दिलेली सरांची धाकटी बहीण गेली. पीठ मळता मळता तिने डोकं धरलं, "डोकं फुटी ऱ्हायनं" म्हणाली, ओकारी झाली आणि शुद्ध हरपली. दवाखान्यात नेलं तेव्हा फोटोत मेंदूभोवती रक्त पसरलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी संपलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं गेलं होतं का? तेव्हा सरांना आई आठवली. आईही डोकं धरूनच गेली होती, खळ्यावर, भर दुपारी. त्या वेळी लोक म्हणाले होते ऊन लागलं. कोणी म्हणालं बाहेरचं. डॉक्टर म्हणाले, आई आणि बहीण दोघी अशा गेल्या असतील तर तुम्ही एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.

मुलगा परदेशी, म्हणून सुरतेला मी बरोबर गेलो.

तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. पडद्यावर सरांच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसत होत्या. जिथे एक वाहिनी दुभंगते, नेमकं तिथे त्यांनी बोट ठेवलं. वाहिनीची भिंत त्या ठिकाणी पातळ होऊन बाहेर आली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी. ते हिंदीत म्हणाले की काही जणांच्या डोक्यात वाहिन्यांचा जन्मजात गुंता असतो, तसलं हे नाही. हा फक्त एक फुगवटा आहे. पुष्कळ माणसांत असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही, आणि ती दुसऱ्याच कशाने तरी जातात. काहींचा फुटतो. मोठा असला, वाढत असला, घरात असे मृत्यू झालेले असले, रक्तदाब चढा असला, विडी-सिगारेट असली तर धोका वाढतो. तुमचा लहान आहे आणि जागाही त्यातल्या त्यात बरी आहे. शस्त्रक्रिया करता येते, पण तिचाही धोका असतो, आणि आज तरी तो धोका मला या दाण्यापेक्षा मोठा वाटतो. रक्तदाबाची गोळी घ्या, बिडी सोडा, वर्षाने पुन्हा फोटो काढू.

"आकडा सांगा," सर म्हणाले. "एका वर्षात फुटण्याची शक्यता किती?"

डॉक्टरांनी एक लहानसा आकडा सांगितला, आणि तोही अंदाजच आहे असं बजावलं.

"हा दर वर्षी तेवढाच राहतो? मग दहा वर्षांचा काढताना बेरीज करायची नाही. न फुटण्याची शक्यता घ्यायची आणि तिचा दहावा घात काढायचा. आणि जो दाणा इतकी वर्षं फुटला नाही, त्याला नव्या दाण्याचा आकडा कसा लावता?"

डॉक्टर म्हणाले, हा प्रश्न चांगला आहे, आणि याचं पक्कं उत्तर आमच्याकडे नाही. सर खुर्चीत पुढे सरकले. अर्धा तास दोघांचं चाललं. बाहेर रुग्ण खोळंबले होते. शेवटी मी मध्ये पडून विचारलं, "यांना राग येतो फार. वाद घालतात. तो बंद करायचा का?" डॉक्टर हसले. गोळी वेळेवर घ्या म्हणाले, बाकी माणसाने आपल्यासारखं जगावं.

हे त्यांचं शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

परतीच्या गाडीत सरांनी बिड्यांचं बंडल शेजारच्या प्रवाशाला देऊन टाकलं, आणि नको म्हणणाऱ्या त्या माणसाशी तो बिडी का ओढतो यावर थोडा वाद घातला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवरे, हाई गोट कोले सांगू नको. घरमा मी सांगसू, मन्हा हिशोबे."

"का सर? लोकांना कळलं तर काळजी घेतील."

"तेच तं. मंग लोके मन्हासंगे बोलनं सोडी देतीन. मन्हा डोकामा जो दाना शे ना, त्यानासंगे बोलतीन."

मी मान हलवली.

गावात आल्यावर मला झोप लागेना. धानोऱ्याच्या बहिणीचं प्रेत मी पाहिलं होतं. सर हॉटेलात बापूंवर ओरडत, कपाळावरची शीर फुगायची, आणि मी चहा तसाच ठेवून त्या शिरेकडे बघत बसायचो. एके दिवशी सर निघून गेल्यावर माझ्या तोंडून निघालं. भीती होतीच. पण आज लिहायला बसलोय तर हेही लिहितो, की आपल्याला असं काही माहीत आहे जे कोणालाच माहीत नाही, ही गोष्ट आतून गुदगुल्या करत होती.

"सरास्ना डोकामा फुगा शे," मी म्हणालो. "सुरतना डॉक्टरनी दखाडा. राग उना का फुटी जाई. जागीच."

संजूच्या हातातलं गाळणं थांबलं. ईश्वर बापूंचा चेहरा उतरला. "आरे बाप! मी तं कालदिन त्यास्ले गधडा म्हनं ना रे भो!"

"आते म्हनू नका. त्यास्ना शब्द मोडू नका. काय म्हनतस त्याले हां म्हना, बस."

त्याच संध्याकाळी सर मळ्यात असताना मी वहिनींकडे गेलो. सरांनी त्यांना सांगितलं होतं, पण डॉक्टरांच्या शब्दांत. मी माझ्या शब्दांत सांगितलं. वहिनींनी निवडायचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मी तं रोज त्यास्ले उलटी बोलस."

दुसऱ्या दिवसापासून गाव शहाणं झालं. सर काही म्हणाले की हॉटेलभर माना डोलायच्या. आधी त्यांना वाटलं आपला मुद्दा पटतोय. एक-दोन दिवस खुशीत होते. मग ते मुद्दे जास्त जोरात मांडू लागले, मग जास्त वाकडे. समोरून नुसता होकार.

पहिला घोळ झाला तो नदीकडच्या शिवाररस्त्याचा. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन त्याचा चिखल व्हायचा. ग्रामसभेत सर उठले आणि म्हणाले, पाऊस संपेपर्यंत ट्रॅक्टर बंद करा, सगळ्यांचे. ही त्यांची जुनी पद्धत. दोरी आपल्या बाजूला भरपूर ओढायची, कारण पलीकडे ईश्वर बापू तेवढीच ओढणार हे ठाऊक असायचं. अशा ओढाताणीतून गावाचे कितीतरी निर्णय मधल्या जागी येऊन थांबले होते. त्या दिवशी बापू खाली बघत बसले. सरपंच म्हणाले, "सर म्हणतात तसंच करू." ठराव झाला. पलीकडून कोणी धरलीच नाही म्हटल्यावर दोरी ओढणारा माणूस कसा पडतो, तसं सरांचं झालं. सभा संपली तरी ते उभेच होते. त्या पावसाळ्यात लोकांनी केळीचे घड डोक्यावरून वाहिले, सरांना पाठीमागे शिव्या दिल्या, आणि समोर आले की "बरं केलं सर" म्हणाले. अखेर सरांनीच पुढच्या सभेत स्वतःविरुद्ध बोलून तो ठराव मोडायला लावला. त्यालाही सगळे हो म्हणाले.

मग तो तापीचा दिवस. थंडी होती, हॉटेलात गर्दी होती. मीही होतो. सरांनी चहाचा कप खाली ठेवला, सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं आणि शांतपणे म्हणाले,

"तापी पूर्वले वाहस."

नदी हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर. आमच्यातला प्रत्येक जण तिच्यात पोहायला शिकलेला. तिचं पाणी पश्चिमेला, सुरतेकडे जातं हे तिथल्या म्हशींनाही ठाऊक आहे.

ईश्वर बापूंनी घसा साफ केला. "हां... वाहस, सर."

"म्हनजे समिंदर भुसावळले शे?"

"व्हई सर, व्हई," संजू म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मराठीचा पदवीधर, वीस वर्षांचा सहकारी, रोज हरायला येणारा माणूस. मी म्हणालो, "हो सर."

असं हो म्हणण्यात एक सोय असते, हे मला त्या काळात कळलं होतं. हो म्हटलं की हरावं लागत नाही.

सरांनी कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला आणि ते उठले. त्यानंतर ते हॉटेलात आले नाहीत.

आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर बसले होते, गळ्याचं बटण उघडं. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. सर हलक्या आवाजात म्हणाले, "देवरे, खरं सांग. मी येडा व्हई गऊ का?"

"काय बोलताय सर!"

"सकाळे मी म्हनं, भाजी खारी शे. ती म्हने, हां, खारी शे. भाजी खारी नव्हती. मी मुद्दाम म्हनं." पुढे म्हणाले, "येडा मानूससंगे लोके वाद नही घालतस. मन्हं काही बिघडनं व्हई, ते माले कळत नसीन नी बठ्ठास्ले कळस. तू तं सांगशी ना?"

हा क्षण माझ्या हातात होता. "तसं काही नाही सर, लोक तुमचा मान ठेवतात," असं म्हणून मी तो घालवला. पहिल्या चुकीला एक वेळ भीतीचं निमित्त देता येतं. या दुसरीला ते नाही. मला फक्त पकडलं जायचं नव्हतं.

सर त्यावर नुसतं हो म्हणाले. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी 'कसावरथून' विचारलं नाही, असं माझं ते पहिलं वाक्य.

पुढे ते घरातच राहू लागले. गावात कुजबुज होई, फुगा वाढला असेल. शिकवणीला येणारी पोरं कमी झाली, कारण आयांनी त्यांना बजावलं होतं, सरांना त्रास देऊ नका. सर वाळत चालले. भाकरी अर्धी ठेवायचे. गोळी मात्र वेळेवर घ्यायचे, आणि बिडीला पुन्हा हात लावला नाही.

वर्ष झालं. पुन्हा सुरत, तेच डॉक्टर. त्यांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, दाणा होता तसाच आहे, केसभरही वाढलेला नाही. रक्तदाब उत्तम. असंच चालू ठेवा, यापुढे फोटोही लांबच्या अंतराने काढू. सरांनी मान डोलावली.

डॉक्टर थोडा वेळ थांबले. बहुधा त्यांना प्रश्नाची अपेक्षा होती. सर कपडे घालायला आत गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काका को क्या हुआ? पिछली बार तो मुझसे आधा घंटा लड़े थे. दाना तो ठीक है, आदमी ठीक नहीं दिखता."

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवायची त्या डॉक्टरांची पद्धत.

परतताना नवापूर गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज फुटत होता. सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मी थांबल्यावर हळूहळू त्यांचा पंजा वर आला.

"थांब. कोनकोनले सांगं?"

"संजूला. बापूंना. वहिनींना. पुढे त्यांनी..."

"काय सांगं? जसंन तसं सांग."

मी जसंच्या तसं सांगितलं.

"डॉक्टर 'फुगा फुटी जाई, जागीच' म्हने का?"

"नाही."

"राग करू नका म्हने का?"

"नाही सर. आपल्यासारखं जगा म्हणाले होते."

"मंग तू कवय डॉक्टर व्हयना?" आता आवाज चढला होता. डब्यातली माणसं वळून बघू लागली. "वरीसभर माले वाटे मन्हं डोकं गयं. मन्ही बायको माले हां म्हने रे! बत्तीस वरीसमा तिनी माले कधी हां म्हनेल नही!"

ते ओरडत होते, कपाळावरची शीर टरारून फुगली होती, आणि मी वर्षात पहिल्यांदा त्या शिरेकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"सर, मला माफ करा."

"आठे, गाडीमा नही," ते म्हणाले. "आठे तू नी मी. मन्हासंगे भांडनं कोनी सोडं? गावनी. मंग गावमा म्हन. आनि रडत म्हनू नको, माले मुद्दा कळत नही."

नंदुरबार गेलं, दोंडाईचा आलं, आम्ही उतरून एसटीत बसलो. सारंगखेड्याचा पूल ओलांडेपर्यंत ते माझ्या प्रत्येक वाक्याला नख लावून बघत होते.

त्यानंतर सर चार वर्षं जगले. गेले ते न्यूमोनियाने, शहाद्याच्या दवाखान्यात. शेवटच्या आजारात डोक्याचा फोटो काढावा लागला होता, तेव्हाही तो दाणा जिथल्या तिथे, होता तेवढाच होता. धानोऱ्याच्या बहिणीचा फुटला, बहुधा आईचाही फुटला असावा, आणि यांचा फुटला नाही. असं का, हे मी सुरतेच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, आम्हाला अजून नीट सांगता येत नाही. सरांना हे उत्तर आवडलं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते त्या चार वर्षांच्या आधीचं आहे, सुरतेहून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

मी हॉटेलात पोचलो तेव्हा सर बाकावर बसलेले होते, सदऱ्याचं बटण लावून. वहिनीही आल्या होत्या. त्या कधी हॉटेलाची पायरी चढत नसत, म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पदर खांद्यावरून ओढून. ईश्वर बापू होते, नेहमीचे चार-पाच जण होते, ट्रकवरचे हमाल होते. संजू लगबगीने फडकं मारत म्हणाला, "सर, चहा?"

"पिसू. आधी देवरेले बोलनं शे."

मी उभा राहिलो. "मंडळी," मी म्हणालो, "माझ्याकडून सरांच्या बाबतीत काही चूक झाली असेल तर..."

"'असीन तर' काढ," सर म्हणाले. "व्हयनी का नही व्हयनी?"

"झाली. सरांचं भलं व्हावं म्हणून मी..."

"तेबी काढ. मन्हं भलं कसामा शे ते माले इचारं व्हतं का?"

बापूंना राहवलं नाही. "सर, जाऊ द्या ना आते. तुम्हले तरास व्हई..."

"ईश्वर, चूप बठ. त्याले पुरं करू दे."

"चूप कसाले बसू?" बापूंचा आवाज एकदम मूळ उंचीवर गेला आणि त्यांचे तेच दचकले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी त्यांना थांबवलं नाही. बापू सरांकडे वळले. "एकला देवरेनी चूक नही. आम्ही बी ऐकं. आम्हले डोकं नव्हतं का?"

"तुन्हं मंग देखसू. तू बी लाईनमा शे," सर म्हणाले. "बोल, देवरे."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, तुम्ही कोणाला सांगू नको म्हणालात आणि मी सांगितलं. डॉक्टर जे बोलले नव्हते ते मी त्यांच्या तोंडी घातलं, आणि जे बोलले होते ते लपवलं. तुम्ही आमच्यात धडधाकट बसलेले असताना मी सगळ्यांना तुम्ही गेल्यासारखं वागायला लावलं. मी येडा झालो का, असं तुम्ही मला विचारलंत, तेव्हा खरं माहीत असूनही मी खोटं बोललो. यात तुमचं भलं नव्हतं. माझी भीती होती, आणि थोडा मोठेपणा होता. मी चुकलो, सर. मला माफ करा."